शहाणीने कोर्टाची पायरी कशी चढावी?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्ही-आम्ही सगळ्यांनी माहेरी, सासरी, शेजारीपाजारी ऐकलेली आहे. बांधावरून भाऊ-भाऊ भांडायला लागले की कोणी तरी म्हातारे माणूस ती काढते आणि पुष्कळदा तिचा उपयोगही होतो. पण मैत्रिणींनो, हीच म्हण नवऱ्याशी न पटणाऱ्या बाईपुढे काढली की तिचा अर्थ बदलतो. ‘गप्प बस, सोस, चार लोक काय म्हणतील?’ असा तो अर्थ. आणि जिला सोसणे अगदीच अशक्य होते, तिला मग एकदम दुसरे टोक दाखवले जाते. ‘आता खेच त्याला कोर्टात. सगळ्या घराला खेच. उतरू दे माज!’

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. ती फारशी कोणी दाखवत नाही, म्हणून आज तिच्याविषयी लिहिते आहे. मी वकील नाही, समाजसेविका नाही. मुरब्यात संसार केलेली एक बाई आहे. पण आमच्या घरात ही वाट चालून पाहिली गेली, आणि त्या वेळी वहीपेन घेऊन लिहायला मी बसले होते. तेव्हा जे कळले ते तुमच्या कानावर घालावेसे वाटते. तुमच्या घरात तशी वेळ न येवो. पण शेजारी, नात्यात, मैत्रिणीच्या घरी येतेच की नाही?

आधी आमचे गाव कसे आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. मुरबे हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. खाडीपलीकडे सातपाटी, आणि आतल्या बाजूला बोईसर-तारापूरचे कारखाने. घरातला एक मुलगा बोटीवर, दुसरा कारखान्यात शिफ्टला, असे चित्र घरोघर. मासळी पुरुष आणतात, पण ती निवडायची, सुकवायची, पाटीत भरून बाजारात न्यायची ती बायकांनी. सोयरिकी बहुतेक गावातल्या गावात, नाही तर किनाऱ्यावरच्या चार गावांत. त्यामुळे नवरा-बायको वेगळे झाले, तरी बाकीचे कोणी वेगळे होत नाही. मुलीचा भाऊ आणि मुलाचा चुलता एकाच बोटीवर खलाशी असतात. दोघांच्या आया एकाच बाजारात शेजारी शेजारी पाटी लावतात. शहरात घटस्फोट झाला की माणसे एकमेकांना पुन्हा दिसत नाहीत म्हणतात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या गाडीपाशीच दिसतात!

माझ्या नणंदेची मुलगी अशीच गावात दिलेली. शिकलेली, बोईसरला एका दुकानात हिशेब लिहिणारी. मुलगा तारापूरच्या कारखान्यात, घरची बोट सासरे आणि दीर चालवीत. सहा वर्षे संसार झाला, एक मुलगा झाला, आणि मग जे पटेनासे झाले ते झालेच. इथे तुम्ही विचाराल, दोष कोणाचा? खरे सांगू का, तो प्रश्न आम्हीही महिनोन् महिने उगाळला. त्याची रात्रपाळी, तिची नोकरी, वेगळे बिऱ्हाड करायचे की नाही, पगार कोणाच्या हाती द्यायचा. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरी माणसे, पण एका छपराखाली आली की घरात कोणाला सुखाने दोन घास जात नसत. शेवटी ती मुलाला घेऊन माहेरी आली. दोन वेळा ज्येष्ठांनी समजूत घालून परत पाठवली, दोन वेळा परत आली. चौदा महिने असेच गेले.

मग दोन्ही घरांत जी भाषा सुरू झाली ती तुमच्या ओळखीची असेल. हिचे भाऊ म्हणाले, पोलिसांत जाऊ, सासू-सासरे, दीर, जाऊ, सगळ्यांची नावे घालू. तिकडचे म्हणाले, मुलगा आमचा आहे, तो आम्ही घेऊ, आणि दागिने कसले मागता, ते बोटीच्या इंजिनाला लागले. माझी नणंद बाजारात पाटी लावायची जागा बदलून बसू लागली. नातवाला पाहायला मिळत नाही म्हणून तिकडची आजी शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहू लागली. पोर दोन्हीकडे बघे आणि मधेच रडू लागे.

हे प्रकरण सरळ कोर्टात लढायला गेले असते तर काय झाले असते? घटस्फोट एकट्याने मागायचा तर हिंदू विवाह कायद्यात त्याची कारणे ठरवून दिली आहेत. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे सोडून जाणे आणि अशीच आणखी काही. म्हणजे दुसरा माणूस वाईट आहे हे सिद्ध करावे लागते. ‘आमचे पटत नाही’ हे काही त्यांतले कारण नाही. मग पटत नसलेल्याला दुष्ट ठरवावे लागते. आपण लिहून द्यायचे, त्यांनी त्याहून वाईट उत्तर लिहून द्यायचे. साक्षीदार कोण? तर हेच शेजारी, हेच खलाशी, हीच जाऊ. एकेका तारखेला मुलीचा एक दिवसाचा पगार आणि नणंदेचा एक दिवसाचा बाजार बुडायचा. आणि कागदावर एकदा लिहिलेले शब्द पुसले जात नाहीत. तो मुलगा उद्या मोठा झाला, वाचू लागला, की आईने बापाविषयी आणि बापाने आईविषयी काय लिहिले होते ते वाचेल.

कोर्टात लढून काय मिळते आणि आपसांत काय सुटते, याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत गाजलेला दाखला म्हणजे रखमाबाईंचा. मुंबईच्या या मुलीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावले गेले. ती माहेरीच राहिली, शिकली, आणि मोठी झाल्यावर त्या घरी नांदायला जायला तिने नकार दिला. दादाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपील होऊन प्रकरण पुन्हा चालले, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असे ती म्हणाली. साऱ्या देशात, विलायतेत यावर वाद झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आणि शेवट कसा झाला? १८८८ साली आपसांत तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. चार वर्षांच्या लढाईनंतर जी गाठ सुटली ती कोर्टाच्या हुकमाने नव्हे, समेटाने सुटली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

पण यातली दुसरी बाजू विसरू नका. त्या काळी हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट नव्हताच. त्यामुळे पैसे देऊन सुटका झाली तरी कागदोपत्री ती दादाजींची पत्नीच राहिली. दादाजींनी पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. ती मात्र तशीच. म्हणजे समेट होता, पण त्याला कायद्याचे पाठबळ नव्हते. ही उणीव भरून निघायला फार वर्षे लागली. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, साऱ्या देशासाठी १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. रखमाबाई वारल्या त्याही १९५५ सालीच. आणि ‘आम्ही दोघे राजीखुशीने वेगळे होतो’ असे म्हणायची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. तेच कलम १३-ब. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह कायद्यात ती सोय १९५४ पासूनच होती.

तर सांगायचे ते हे, की आज शहाणीपुढे ‘समेट की कोर्ट’ असा प्रश्नच नाही. दोन्ही लागतात. पण क्रम महत्त्वाचा. भांडण घरी सोडवायचे आणि कोर्टात जायचे ते फक्त शिक्का घ्यायला.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या स्टुअर्ट वेब नावाच्या एका वकिलाने १९९० साली याच विचाराने एक पद्धत सुरू केली. घटस्फोटाचे खटले लढवून लढवून ते कंटाळले होते. त्यांनी ठरवले की आपण नवरा-बायकोला समोरासमोर बसवून तोडगा काढायचा, आणि तो निघाला नाही तर त्या पक्षकारासाठी कोर्टात लढायला आपण उभे राहायचे नाही. दोन्हीकडचे वकील तसे लिहूनच देतात. यातली खुबी पाहा. भांडण वाढले तर वकिलाचे काम वाढत नाही, उलट जाते! त्यामुळे चौघांनाही, म्हणजे नवरा, बायको आणि त्यांचे दोन वकील यांना, तोडगा काढण्यातच रस राहतो. ‘सहकारी घटस्फोट’ म्हणता येईल असे हे काम. पुढे ही पद्धत इतर देशांतही पसरली. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, पण तसे वागायला कोणी बंदीही केलेली नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात नवे ते काय, आमच्याकडे जुनी माणसे बसून काडीमोड करीतच होती! खरे आहे. पण एक फरक डोळ्यांआड करू नका. जुन्या बैठकीत मुलीकडचे पुरुष आणि मुलाकडचे पुरुष बोलत, आणि जिचा संसार ती आत चहा गाळत असे. शिवाय आज शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपपेपरवर ‘आमचा घटस्फोट झाला’ असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला, तरी तो घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याने रूढीचा काडीमोड राखून ठेवला आहे हे खरे, पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे हे पुराव्याने शाबीत करावे लागते. तेवढ्यासाठी कोर्टात जायचेच, तर मग सरळ हुकूमनामाच का घेऊ नये? अशा कागदावर विसंबून दुसरे लग्न केलेल्या बाईला पुढे पोटगीला, वारसाला, रेशनकार्डाला, कशालाच आधार राहत नाही.

आता आमच्याकडे बैठक कशी झाली ते सांगते. माझ्या भाचीने एक बाई वकील गाठली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “मी दोघांचे जुळवून लिहून देईन. जुळले नाही आणि लढायची वेळ आली तर मी लढणार नाही, तुम्ही दुसरे कोणी बघा.” मुलाकडच्यांनीही असाच एक सबुरीचा वकील आणला. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी रविवारी बसायचे ठरले, म्हणजे ना इकडचे घर, ना तिकडचे. दोघे नवरा-बायको, दोघांचे वकील, आणि दोन्हीकडचे एकेक माणूस. इकडून मी, तिकडून मुलाचे वडील. भाऊ, चुलते, शेजारी यांना बंदी. शिक्षिकाबाईंनी एकच नियम घातला. मागचे काढायचे नाही. पुढे काय, तेवढेच बोलायचे. कोणी “त्या वेळी तू...” असे सुरू केले की त्या नुसत्या हात वर करीत. पहिल्या रविवारी त्यांचा हात खाली आलाच नाही म्हणा ना! पण चौथ्या रविवारी वही भरली होती.

वहीची चार पाने केली होती. एकावर तिचे स्त्रीधन, दुसऱ्यावर पैसा, तिसऱ्यावर मूल, चौथ्यावर सणवार आणि येणे-जाणे. किराणाची यादी करतो तशी एकेक ओळ.

पहिल्याच पानावर अडले. तिचे सहा तोळे होते, त्यांतले दोन तोळे इंजिनाच्या दुरुस्तीसाठी गहाण पडलेले. इकडचेच लोक तिला सांगू लागले, “जाऊ दे, सोन्यावरून कशाला ताणतेस, जीव सुटला हेच खूप.” ती मला म्हणाली, “मामी, जीव माझा आहे आणि सोनेही माझेच आहे. दोन्ही न्यायला काय हरकत?” आणि मैत्रिणींनो, कायदा अगदी असाच आहे. स्त्रीधन हे त्या बाईच्या एकटीच्या मालकीचे. सासरी ठेवायला दिले म्हणून ते सासरचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले. शेवटी सासऱ्यांनीच मार्ग काढला. पावसाळ्यातली बंदी उठून बोटी गेल्या, दोन फेऱ्यांची मासळी आली की गहाण सोडवू. तसे लिहिले, पण वकीलबाईंनी पुढे एक ओळ घातली, की कोर्टाच्या दुसऱ्या तारखेच्या आत सोने हाती आले पाहिजे. मासळीचा भरवसा धरावा, पण तारीखही लिहावी!

दुसऱ्या पानासाठी दोघांनी आपापली मिळकत आणि देणी कागदावर मांडली. पगाराची चिठ्ठी, पतपेढीचे कर्ज, बोटीतला वाटा, सारे. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्तेचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घालून दिला आहे. घरच्या बैठकीतही तोच पाळावा. लपवाछपवीवर झालेला समेट टिकत नाही. तिने स्वतःसाठी महिन्याची पोटगी न मागता एकरकमी रक्कम घेतली. मुलासाठी मात्र दरमहा, आणि दर दोन वर्षांनी वाढ. इथे एक लक्षात ठेवा. चिडून पुष्कळ बायका लिहून देतात, ‘मला त्याचा एक पैसा नको, मुलाचे मी बघेन.’ तुमचा हक्क तुम्ही सोडू शकता, पण पोराचा हक्क तुमचा नाही, तो सोडून द्यायचा अधिकारही आपल्याला नाही.

तिसरे आणि चौथे पान मी कोणाला दाखवले तर त्यांना हसू येईल, पण माझ्या मते सारा जीव तिथेच होता. मूल आईकडे, शाळा चालू आहे तीच. बापाची सुटी ज्या दिवशी असेल त्या दिवशी ते बापाकडे, कारण कारखान्याची सुटी रविवारीच येते असे नाही. मे महिन्याची सुटी निम्मी निम्मी. होळी बापाच्या घरी, गणपती आजोळी, नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा होते तेव्हा दोन्हीकडे. ताप आला तर ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्याला लगेच फोन करायचा. मुलासमोर कोणी कोणाला नावे ठेवायची नाहीत. आणि मुलाच्या वडिलांनी खाली मान घालून एक ओळ सांगितली, ती मी तशीच लिहिली. ‘आजीने शाळेच्या फाटकापाशी उभे राहायचे नाही, बुधवारी संध्याकाळी नातवाला घरी बोलवायचे.’ असला हुकूम कोणत्या कोर्टाने दिला असता, सांगा बरे? न्यायाधीशांना आमचा बुधवार कुठून माहीत असणार?

हे सारे मग वकिलांनी कायद्याच्या भाषेत उतरवून काढले. त्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात. घटस्फोटाच्या अर्जाबरोबर त्या कोर्टात दाखल होतात, आणि हुकूमनाम्यात आल्या की दोन्ही बाजूंवर बंधनकारक होतात. कोणी शब्द फिरवला तर अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येते. घरच्या वहीत आणि कोर्टाच्या कागदात हाच तर फरक!

आता कायद्याची थोडी माहिती, कात्रण करून ठेवण्यासारखी. संमतीने घटस्फोट मागायचा तर दोघे निदान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. एकाच घरात राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर तेही वेगळे राहणेच धरले जाते. दोघांनी मिळून अर्ज केला की कायदा सहा महिने थांबायला सांगतो, म्हणजे मन बदलायला सवड मिळावी. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचे, की विचार कायम आहे. वेगळे राहून दीड वर्ष होऊन गेले आहे, समेटाचे प्रयत्न थकले आहेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटला आहे, असे असेल तर कोर्ट ते सहा महिने माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आणि १९९१ सालच्या निकालानुसार, हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणूनच पैसे आणि सोने कोणत्या तारखेला किती द्यायचे, ते आधी ठरवावे. सगळेच शेवटावर ठेवू नये, आणि आपणही सगळे पदरात पडल्यावर फिरू नये.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. वसईकडच्या ख्रिस्ती भगिनींना संमतीच्या घटस्फोटाची सोय त्यांच्या कायद्यात २००१ साली मिळाली. मुसलमान भगिनींमध्ये परस्परांच्या राजीखुशीने विवाह सोडवण्याची ‘मुबारत’ ही रीत आहे. आणि आपल्या पालघर जिल्ह्यात आवर्जून सांगायचे ते हे, की वारली, मल्हार कोळी अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांच्यात रूढीला महत्त्व आहे. त्यामुळे वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की आम्हाला कोणता कायदा लागतो?

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचे तर १५१०० हा क्रमांक आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. आपल्या राज्यात पुण्याला आणि मुंबईला ती १९८९ साली सुरू झाली. तिथे विवाह समुपदेशक असतात, आणि आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच ठरवलेले आहे. जिथे वेगळे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. तिथूनही प्रकरण मध्यस्थीला पाठवता येते. २०२३ साली तर मध्यस्थीसाठी वेगळा कायदाच झाला आहे. लोकअदालतीत पोटगी, मुलांचा ताबा असे प्रश्न मिटतात, पण घटस्फोट मात्र तिथे होत नाही.

आता तुमच्यातल्या एखादीच्या मनात येईल, की इतके सोपे केले तर संसार पटापट मोडतील! मला तसे वाटत नाही. भांडायला बसलेली माणसे जितक्या लवकर तुटतात, तितक्या लवकर यादी करायला बसलेली माणसे तुटत नाहीत. मुलाचे पान लिहिताना पुष्कळांचे मन हलते. काही जोडपी त्या पानावरून परतही फिरत असतील. आमची फिरली नाहीत. पण निदान एकमेकांची इज्जत ठेवून निघाली.

मात्र ही वाट सगळ्यांसाठी नाही, हे ठणकावून सांगते. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, दारू पिऊन अंगावर येणे आहे, तिथे समोरासमोर बसून जुळवायला जाऊ नका. भीतीने थरथरत केलेली सही ही संमती नव्हे, आणि संमती दबावाने किंवा फसवून घेतलेली नाही ना, हे पाहणे कोर्टाचेही काम आहे. अशा बाईने आधी सुरक्षित जागी जावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे किंवा पोलिसांकडे जावे. तिथे ‘कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण कोणी ऐकवली तर ऐकू नये. जो मिळकत लपवतो, कागद दाखवत नाही, ‘आधी सही कर मग बघू’ म्हणतो, त्याच्याशीही वहीची चार पाने होत नाहीत. आणि कोऱ्या कागदावर, किंवा न वाचलेल्या इंग्रजी कागदावर, सख्ख्या भावाने सांगितले तरी सही करायची नाही. मराठीत वाचून घ्यायचे, एक रात्र उशाशी ठेवायचे, मगच.

आणखी एक. समजूतदारपणा हा शब्द आपल्याकडे फार करून बाईलाच ऐकवला जातो. समेट करायचा म्हणजे बाईने सोडायचे, आणि वर तिलाच शाबासकी द्यायची! समेटात दोघांच्याही हातातले थोडे सुटले पाहिजे आणि दोघांच्याही पदरात रास्त ते पडले पाहिजे. माझी भाची तिथे कोणावर ओरडली नाही, पण आपल्या यादीतली एकही ओळ तिने उगाच खोडली नाही. तिचे सासरे उठताना म्हणाले, “पोरीने हिशेब चोख केला.” माझ्या मते तो तिचा सन्मानच होता.

तेव्हा तुमच्या ओळखीत एखादीचा संसार खरोखरच मोडायला आला असेल, तर तिला ‘सोस’ही म्हणू नका आणि ‘खेच कोर्टात’ही म्हणू नका. तिची भीती आधी विचारा. जिवाला धोका नाही ना, हे पाहा. नसेल तर एक दोनशे पानी वही तिच्या हाती द्या, वर चार मथळे घाला, आणि म्हणा, तुला काय हवे आणि काय नको, ते बसून लिही. वकील, कोर्ट, तारखा हे सारे नंतर. आधी तिला स्वतःला कळू दे, की तिचे म्हणणे काय आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींना ते लग्न करतानाही कोणी विचारलेले नसते. निदान ते सोडताना तरी विचारावे.